पायांखालील चित्र

देवास जिल्ह्यातील लोहारदा हे गाव माळवा-निमाडच्या ज्या मुलुखात येते, तेथे भूमी हीच स्त्रियांची चित्रफलक होय. दिवाळीच्या सुमारास अंगण शेणाने सारवावे आणि त्यावर गेरू व खडीने मांडणे रेखावे, ही तिकडील जुनी चाल. महाराष्ट्रातील रांगोळी ही त्याच कुळातील. ही चित्रे पुसली जातात आणि पुन्हा काढली जातात. त्यांच्या अल्पायुष्याचे कोणालाही दुःख नसते.

विमानतळाच्या जमिनीवरील चित्राची गोष्ट निराळी आहे. लाखो पावलांखाली त्याला वर्षानुवर्षे टिकावयाचे असते. अमेरिकेतील मायामी विमानतळावर मिशेल ओका डोनर या शिल्पकर्तीने 1995 साली टेराझोच्या फरशीत ब्राँझचे शिंपले व समुद्रवनस्पती बसविण्यास आरंभ केला. पुढे ते काम मैलाहून अधिक लांबले. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा कालवून, थर घट्ट झाल्यावर तो घासून गुळगुळीत करावयाचा, ही टेराझोची रीत. मोझेकच्या फरशीवर वाढलेल्या मराठी घरांना ती अपरिचित नाही. सॅक्रॅमेंटो विमानतळाच्या पादचारी पुलावर सय्यद अलवी यांनी आकाशातून दिसणारे नदीचे पात्र गालिच्यावर उतरविले. प्रवाशाला आपण उडत आहोत, असा भास व्हावा, ही त्यामागील कल्पना.

मुंबईच्या दुसऱ्या टर्मिनलवर 2014 पासून राजीव सेठी यांच्या योजनेतून ‘जय हे’ हा कलासंग्रह उभा आहे. मात्र त्याचा मुख्य आधार भिंत आहे. जमिनीला कलेचे स्थान देताना दोन पथ्ये पाळावी लागतील. दृष्टी अधू असलेल्याला गडद आकृती खड्ड्यासारखी वाटू नये, आणि ओली फरशी निसरडी होऊ नये. त्याहून नाजूक प्रश्न श्रद्धेचा आहे. लक्ष्मीची पावले उंबऱ्यात काढली जातात, पण ती तुडवीत नाहीत. देवप्रतिमा वगळून वेल, चौकट, नदी यांचीच निवड करणे उचित.

लोहारद्याच्या मुलखातून विमानप्रवासास निघणाऱ्याला इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ हे जवळचे द्वार. तेथील फरशीत मांडणे उमटायचे असेल, तर केवळ नमुना उचलून भागणार नाही. तो रेखणाऱ्या स्त्रियांना आराखड्याच्या कामात बोलावणे, त्यांच्या श्रमाचे मोल देणे आणि फरशीजवळ त्यांची नावे कोरणे आवश्यक आहे. अंगणातील चित्राला सही नसते, कारण काढणारी घरातच असते. परक्याच्या पावलांखाली जाणाऱ्या चित्राला मात्र सही हवी.