होडीचे ओझे

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या सहली हल्ली भंडारदऱ्याला जातात. प्रवरेवरचे ते धरण १९२६ साली पुरे झाले. तिथे पाणी दिसले की होडीत बसण्याची हौस सर्वांनाच होते. हौस जरूर करावी. पण होडीला किती ओझे पेलते, हे बसण्याआधी समजून घ्यावे, एवढेच मला सांगायचे आहे.

घरी एक प्रयोग करून पाहा. हौदात रिकामी परात सोडा. ती तरंगते. तीत एकेक मापटे बाजरी घालत जा. परात खाली खाली जाते आणि काठ पाण्याजवळ येतो. पाणी संथ आहे तोवर ती तग धरते. मग हाताने हौद जरा ढवळा. एक लाट आत शिरते, त्या पाण्याचेही वजन वाढते आणि परात तळाला जाते. बाजरी एकाच बाजूला ओतली, तर परात भरण्याआधीच कलंडते.

होडीचेही तसेच. ती जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढेच वजन पेलते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशेब. म्हणून काठ पाण्याच्या किती वर आहे, ते आधी पाहावे.

कायाक नावाची एकदोन माणसांची अरुंद होडी असते. दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने ती चालवतात. समजा, तिची कमाल मर्यादा १५० किलो आहे. तो आकडा गाठायचा नसतो. जाणकार साधारण दोनतृतीयांशावर, म्हणजे १०० किलोंवर थांबा म्हणतात. आपल्यातली एक ६५ किलोंची आणि दुसरी ५५ किलोंची, शिवाय डबा, पाणी, पिशवी. झाले की नाही जास्त! तेव्हा काठावर वजन विचारले, तर लाजून कमी सांगू नये. डोकी मोजून वजन कळत नाही.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटका करणारी बोट उलटली व १७ जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, असे तेव्हा छापून आले. जीव वाचवायलाच ती निघाली होती, हे लक्षात घ्या. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सातांपैकी एकच जण पोहून काठाला लागला. म्हणजे माणसे थोडी असली तरी वारा सुटल्यावर पाण्यात जाऊ नये.

एस.टी.त आपण म्हणतो, “जरा सरका, एकीला बसू द्या.” तो आपला चांगुलपणा आहे. होडीत मात्र तोच चांगुलपणा घात करतो. तिथे “दुसऱ्या खेपेला ये” म्हणणारी बाईच खरी मैत्रीण. अंगात जाकीट घालावे, मुलांना त्यांच्या मापाचे द्यावे, उभे राहू नये, फोटोसाठी सगळ्यांनी एका कडेला जाऊ नये. आणि काठ पाण्याला टेकलेला दिसला तर उतरून यावे. कोणी भित्री म्हणाले तरी चालेल.