श्रुतभक्ती आणि सुई



आपल्या बुलढाण्याशेजारील वाशिम जिल्ह्यातील कारंजा येथील शास्त्रभांडारांनी हस्तलिखिते जपली, म्हणूनच डॉ. हिरालाल जैन यांना तेथील अपभ्रंश ग्रंथ १९३० च्या दशकात प्रकाशात आणता आले.

पोथीची पाने सुटी असतात. त्यांस सुई लागता कामा नये. ओळीने पडलेल्या छिद्रांवरच कागद फाटतो. भरतकाम शिकणाऱ्या मुलामुलींनी प्रथम कोऱ्या जाड कागदावर, सम अंतराने छिद्रे पाडून, टाका विरळ ठेवण्याचा सराव करावा. नंतर सुती वस्त्रावर साखळीटाक्याने स्वस्तिक भरावे.

जर काळवंडते, पानांस घासते. रेशमामागे जीवहिंसा आहे. पानांलगत धुतलेले साधे सुती वस्त्र असावे, नक्षी केवळ बाहेरच्या वेष्टनावर. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, श्रुतपंचमीला, वेष्टन बदलताना शोभेहून श्रुत श्रेष्ठ, हे स्मरावे.