एकास चोवीस

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



नोकरी आणि संसार सोडून आणखी काय करता, यावर प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी ठरवलंय. मी गाड्या बनवते. खऱ्या नव्हे, आणि खेळण्यातल्याही नव्हे. मोजून-मापून लहान केलेल्या. हा फरक मला दरवेळी समजावून सांगावा लागतो. पुण्यात रंग आणायला गेले की दुकानदार विचारतो, "मुलगा केवढा आहे?" मी सांगते, "मुलगी आहे, पंचेचाळीस वर्षांची."

प्रमाण म्हणजे काय ते आधी सांगते. भूमितीचे सर समोर बसलेत, तेव्हा जपूनच. सर, तुम्ही समरूप त्रिकोण शिकवलेत, त्यावरच हा सगळा डोलारा उभा आहे. मी एकास चोवीस या प्रमाणात काम करते. खऱ्या गाडीतला एक फूट माझ्याकडे अर्धा इंच होतो. सुतार, लोहार, बॉडी बांधणारे आजही फूट-इंचातच बोलतात, त्यामुळे त्यांनी सांगितलेलं माप मनातल्या मनात निम्मं करून फुटाचा इंच केला की झालं. दीड वर्षांची असताना पोरं जी गाडी तोंडात घालतात ती साधारण एकास चौसष्ट. मॅचबॉक्स गाड्यांचा जन्मही शाळेतच झाला म्हणायचा. इंग्लंडमधल्या एका शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती, म्हणून जॅक ओडेल नावाच्या कारागिराने आपल्या मुलीसाठी चिमुकला रोडरोलर बनवला, आणि त्यातून १९५३ साली ती गाड्यांची मालिका निघाली. आपल्या शाळेत असा नियम असता तर बाईंनी जप्त केलेल्या वस्तूंचं कपाट रिकामं राहिलं असतं.

बाजारात प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच मिळतात. जपानी तामियाच्या मोटारी, इटालेरीचे युरोपियन ट्रक, अमेरिकन एएमटीचे पीटरबिल्ट. सुरुवातीला मी तेच जोडत होते. छान होतात. पण सात-आठ झाल्यावर मला कंटाळा आला, कारण पीटरबिल्टशी माझं काही नातं नाही. मला हवा होता टाटा १२१०. त्याचा संच मला कुठे मिळाला नाही. तो पत्र्यापासून बनवावा लागतो, म्हणजे माझ्या बाबतीत प्लॅस्टिकच्या पातळ शीटपासून.

१२१० हा आकडाच बोलका आहे. पहिले दोन अंक म्हणजे माल धरून एकूण वजन बारा टन, आणि पुढचे दोन म्हणजे ताकद साधारण शंभर अश्वशक्ती. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली आणि १९६९ मध्ये तो करार संपला. पण त्या जर्मन नाकाडोळ्यांची सावली पुढे कित्येक वर्षं आपल्या रस्त्यांवर धावत होती. आणि त्यातला एक आपल्या पेणच्या रस्त्यावर धावत होता हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, कारण गॅदरिंगच्या स्टेजच्या फळ्या आणि मंडपाचं सामान त्यातूनच यायचं. केशरी केबिन, तपकिरी हौदा. माझ्या बाबांचा ट्रक.

१९८४ साली घेतला, १९९८ साली विकला. मी बारावी झाले, इंजिनियरिंगला पेमेंट सीट मिळाली आणि त्याच जुलैत ट्रक गेला. बाबांनी घरात एवढंच सांगितलं, "गाडीला इंजिनकाम आलंय, विकून टाकलेली बरी." नंतर ते दुसऱ्यांच्या गाड्या चालवायला लागले. त्या विषयावर घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

मॉडेल बनवायचं तर माप हवं, आणि माझ्याकडे एकच फोटो होता. दसऱ्याचा, हार घातलेला, पुढच्या चाकाला टेकून बाबा उभे. इथे माझ्या धंद्यातली सवय कामी आली. फोटोत ज्या गोष्टीचं खरं माप पक्कं ठाऊक आहे ती शोधायची. ट्रकचा टायर ९.०० बाय २० चा, म्हणजे उभा केला की साधारण एक मीटर. चोवीसने भागलं की ४२ मिलिमीटर. पुढचं चाक ही पुढच्या भागाची पट्टी, मागचं चाक ही मागच्या भागाची, कारण लांबचं लहान दिसतं. पडताळ्याला बाबा होतेच, साडेपाच फूट. माझ्या हिशेबात सात सेंटिमीटरांत मावले.

पण फोटोत दुसरी बाजू नव्हती, मागचा फाळका नव्हता, आतलं काहीच नव्हतं. तेव्हा ट्रक कंपनीतून यायचा तो नुसती चेसिस, इंजिन आणि समोरचा दर्शनी पत्रा. केबिन आणि हौदा आपापल्या गावच्या कारागिराकडून बांधून घ्यायचा. म्हणूनच एका मॉडेलचे दोन ट्रक कधी सारखे नसायचे, आणि म्हणूनच मला हे काम संच जोडण्यापेक्षा आवडतं. आमच्या ट्रकची बॉडी रोह्याला बांधली होती. बाबांचे निम्मे फेरे धाटावच्या कारखान्यांचे, त्यामुळे ओळखी तिकडच्या.

मी रोह्याला गेले. वाटेत कोलाड लागत नाही, पण मी मुद्दाम जाऊन आले. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून न्यायला सुरुवात केली ना, ती गाडी मला बघायचीच असते. डोंगराच्या कडेने रांगेत निघालेले ट्रक लांबून बघितले की वाटतं, आपण टेबलावर जो खेळ मांडतो तोच कुणीतरी खऱ्या मापात मांडलाय.

तर रोह्यातले ते मिस्त्री आता ऐंशीच्या पुढचे. त्यांना आमचा ट्रक आठवला तो मालकाच्या नावाने नव्हे, कामावरून. हौद्याच्या आतून दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या मारून घेणारा पेणवाला. गणपतीच्या दिवसांत त्या पट्ट्यांवर फळ्या टाकायच्या, पेंढा पसरायचा आणि एकावर एक माळे करून मुंबईला मूर्ती न्यायच्या. बाबांचा एक नियम होता, खारपाड्याचा पूल येईपर्यंत तिसरा गियर सोडायचा नाही. मिस्त्रींनी फळीची रुंदी, जाडी, बोल्टांमधलं अंतर सगळं हाताच्या वितीने दाखवलं आणि मी टेपने त्यांची वीत मोजून घेतली.

शेजारीच एक फिटर बसले होते, तेही निवृत्त. आमचं बोलणं ऐकून म्हणाले, "त्या गाडीचं इंजिन मीच उतरवलं होतं. सत्त्याण्णव साली. बोअर, पिस्टन, सगळं नवं. अजून सात-आठ वर्षं बघायला लागलं नसतं. का विकली कुणास ठाऊक."

मी चहा संपवला आणि पेणला आले.

पुढचं काम पेणनेच शिकवलं, हे मी इथे मुद्दाम सांगते. चाकं सात लागतात, सहा आणि एक स्टेपनी. सात वेळा कोरत बसले तर एकही दुसऱ्यासारखं होणार नाही. आपल्यापैकीच एकाचा गणपतीचा कारखाना आहे. नाव घेतलं तर तो खुर्चीखाली लपेल. त्याने मला रबरी साचा कसा घ्यायचा ते दाखवलं. आधी एक मूळ नमुना, त्यावर रबराचे हात, बाहेरून प्लास्टरचं कवच. मी त्याऐवजी सिलिकॉन वापरलं आणि प्लास्टरऐवजी रेझिन ओतलं, पण हवेचा बुडबुडा कोपऱ्यात कसा अडकतो आणि साचा कुठल्या कलाने धरला की तो निघतो, हे ज्ञान शंभर टक्के पेणचं. एक गंमत सांगते. ट्रकची पुढची आणि मागची रिम एकच असते, फक्त उलटी बसवतात. पुढे फुगीर बाजू बाहेर, मागे खोलगट बाजू बाहेर. आता घरी जाताना हायवेवर बघा, आणि आजवर हे दिसलं कसं नाही म्हणून चुटपुट लागली तर मला सांगा.

रंगाचंही तसंच. अस्तर, मग मोठ्या भागांचे फवारे, मग बारीक काम आणि अगदी शेवटी डोळ्यांची आखणी. मी हेडलाइट शेवटी बसवते. ते बसेपर्यंत गाडी नुसती वस्तू असते.

पण नवी कोरी गाडी बनवणं सोपं. वापरलेली बनवणं अवघड. आमच्या ट्रकने मिठागरांतलं मीठ वाहिलं होतं, त्यामुळे हौद्याच्या खालचा पत्रा कडेकडेने खाल्ला गेला होता. गंज दाखवायची रीत अशी, की आधी गंजाचा रंग द्यायचा, तो वाळल्यावर पत्रा ओला करून त्यावर मीठ भुरभुरायचं, वरून गाडीचा रंग फवारायचा आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढायचं. जिथे खडा होता तिथे खालचा गंज उघडा पडतो, अगदी खऱ्यासारखा वेडावाकडा. परदेशातले हौशी लोक यासाठी निवडून मीठ घेतात. मी आपलं खडेमीठ कुटून घेतलं. मिठाने खाल्लेला पत्रा दाखवायला मीठच लागावं, हे मला फार आवडलं.

सगळा ट्रक असा मळवला. डिझेलच्या टाकीखाली ओघळ, पाट्यांवर ग्रीस, दाराच्या मुठीभोवती हाताने उडालेला रंग. फक्त इंजिन मळवलं नाही. सहा सिलिंडरचं इंजिन बनवून त्याला स्वच्छ ताजा रंग दिला आणि समोरचं बॉनेट उचलता येईल असं केलं.

दीड वर्ष लागलं. गेल्या दिवाळीत बाबांच्या पुढ्यात नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा घातला, आधी मागून बघितला, मग वाकून खालून. हौद्यातल्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "इथे पाण्याचा कॅन अडकवायचो," म्हणाले. मग नखाने बॉनेट उचललं. बराच वेळ बघत होते.

"इंजिन एवढं चकचकीत कसं?"

"आदल्या वर्षीच काम झालं होतं ना," मी म्हटलं.

त्यांनी बॉनेट हळूच खाली ठेवलं. "कुणी सांगितलं?"

"रोह्यात."

"तो अजून आहे?" म्हणाले. मग त्या फिटरची चौकशी सुरू झाली. मुलं काय करतात, गुडघे कसे आहेत, चहा पाजला की नाही. पुढच्या रविवारी मला गाडी काढायला लावली आणि आम्ही दोघं रोह्याला गेलो. ते दोन म्हातारे तीन तास बोलत होते, त्यातली अडीच तास गियरबॉक्सवर. विकण्याचा विषय कुणीच काढला नाही. मीही नाही.

एक काम मात्र राहिलंय, आणि त्यासाठी मी ट्रक आज इथे आणलाय. स्टेजच्या डाव्या टेबलावर आहे. मागच्या फाळक्यावर काय लिहिलं होतं? आपल्या ग्रुपवर विचारलं तर पाच उत्तरं आली. कुणी म्हणतं आई एकवीरेची कृपा, कुणी म्हणतं पेणचा राजा, एकाने तर शेर पाठवला जो आमच्या घरात कुणी लिहूच दिला नसता. आई म्हणते माझंच नाव होतं, बाबा म्हणतात काहीच नव्हतं, फक्त हॉर्न ओके प्लीज. तेव्हा गॅदरिंगच्या फळ्या ज्यांनी ज्यांनी उतरवल्या आहेत त्यांनी जेवायला बसण्याआधी फाळक्यासमोर उभं राहून जरा डोळे मिटून आठवा. शेजारी वही ठेवली आहे, तिच्यात लिहा. आणि बॉनेट उचललंत तर बिजागरी सांभाळा, ती मच्छरदाणीच्या तारेची आहे.