प्रोस्टेट : संकोच सोडू, वेळीच तपासू

(गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळात झालेल्या आरोग्य व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आरती झाल्यावर आणि प्रसादाच्या आधी प्रोस्टेटवर बोला, असं मंडळानं सांगितलं तेव्हा आम्ही दोघं जरा बिचकलो. आमच्यापैकी एक मूत्ररोगतज्ज्ञ, दुसरी पॅथॉलॉजिस्ट. दवाखान्यात याच विषयावर दिवसभर बोलतो. पण इथं समोर आम्हाला लहानपणापासून ओळखणारे काका, मावश्या, आत्या बसल्या आहेत. मग वाटलं, हा संकोच हीच तर या आजारातली मोठी अडचण आहे.

आमच्याच घरातलं सांगतो. आमचे थोरले काका रात्री चार-चारदा उठायचे. इंदूरकर माणूस मध्यरात्री जागा असेल तर तो सराफ्यात असावा, बाथरूमच्या वाटेवर नव्हे! पण काकूंनी विचारलं की काका म्हणायचे, "वय झालं, चालायचंच." पुढे कंबर दुखू लागली. तेलाचं मालीश, शेक, कॅल्शियमच्या गोळ्या, असे कित्येक महिने गेले. आम्ही तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेत होतो. सुटीत घरी आल्यावर आम्हीही गोळ्या बदलून दिल्या, पण लघवीबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. निदान झालं तेव्हा कर्करोग मणक्यांत पोचला होता. हार्मोनच्या उपचारांनी तीन वर्षं मिळाली, पण बरं होण्याची वेळ निघून गेली होती.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्यामधून जाते. वयानुसार ही ग्रंथी वाढते, नळी दाबली जाते. मग धार बारीक होते, रात्री उठावं लागतं. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोग बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, नळीपासून दूर सुरू होतो. म्हणून सुरुवातीला तो काहीच त्रास देत नाही. त्रास आहे म्हणजे कॅन्सरच, हे जसं चूक, तसंच त्रास नाही म्हणजे आजार नाही, हेही चूक. काकांचं रात्रीचं उठणं कदाचित साध्या वाढीमुळेच असेल. पण त्यासाठी ते डॉक्टरकडे गेले असते, तर तपासणी झाली असती.

तपासणीची सुरुवात पीएसए या रक्तचाचणीनं होते. साधारणपणे ४ नॅनोग्रॅमच्या वर आकडा गेला की पुढचा विचार करतात. मात्र आकडा पाहून रात्रभर जागू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, ग्रंथीची साधी वाढ, नुकतीच घातलेली नळी यांनीही तो वाढतो. उलट फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या गोळ्या चालू असतील तर तो निम्म्यावर येतो. त्या घेत असल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा. आकडा वाढलेला दिसला तर काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात, बोटानं ग्रंथी तपासतात, मग एमआरआय. त्यात संशयास्पद जागा दिसली तरच बहुधा बायोप्सी. तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ग्लीसन गुण देतात. आजार मवाळ आहे की आक्रमक, हे त्यावरून कळतं.

कोणी तपासावं? पन्नाशीनंतर प्रत्येक पुरुषानं डॉक्टरांशी याविषयी बोलावं. वडील किंवा भावाला हा कर्करोग झाला असेल तर ४० ते ४५ पासूनच. आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते : आई-बहिणींना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, तर काही घराण्यांत तोच जनुकीय दोष पुरुषांचाही धोका वाढवतो. म्हणून घरातल्या बायकांच्या आजाराची माहितीही डॉक्टरांना द्या.

कर्करोग सापडला म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असंही नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात ग्रंथीपुरताच आजार असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले : लक्ष ठेवणे, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तिन्ही गटांत शंभरातले सुमारे ९७ जण या कर्करोगानं दगावले नव्हते. लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. म्हणून मवाळ आजारात ठरावीक काळानं पीएसए, एमआरआय, बायोप्सी करत थांबता येतं. पण थांबणं म्हणजे विसरणं नव्हे.

शस्त्रक्रिया लागलीच, तर ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी ग्रंथीलगतच्या नसा वाचवण्याची पद्धत दाखवली. २००० नंतर रोबोटची मदत आली. डेट्रॉइटमध्ये ती रुजवण्यात भारतीय वंशाचे डॉ. मणी मेनन अग्रभागी होते. रोबोट स्वतः काही करत नाही. हात सर्जनचेच असतात. पोटावर पाच-सहा लहान छिद्रं, रक्तस्राव कमी, दोन-तीन दिवसांत घरी, आणि लघवीची नळी साधारण आठवडाभर. तरीही सुरुवातीला लघवीवर ताबा राहत नाही. ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम केल्यावर तो बहुतेकांना हळूहळू परत मिळतो. लैंगिक क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, तेही आधीच विचारून घ्या. यंत्रापेक्षा सर्जनचा अनुभव मोलाचा, "अशा किती शस्त्रक्रिया केल्यात?" असं विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही.

शेवटचं सांगणं माता-भगिनींना. बहुतेक काका मंडळी आपणहून आमच्याकडे येत नाहीत. तुम्ही हाताला धरून आणता. आज घरी गेल्यावर एवढंच विचारा, "रात्री किती वेळा उठता?" उत्तर "चालायचंच" असं आलं, तर ते मान्य करू नका. आमच्या काकूंनी ते मान्य केलं, आम्हीही केलं.

गणपती बाप्पा मोरया!