बंद बोली आणि शहरातील मुक्काम



लाटंबार्सेच्या ग्रामस्थांस पावणी नवी नाही. तेथे वस्तू समोर असते आणि दुसऱ्याची बोलीही कानी पडते. मोहोरबंद निविदेत दुसऱ्याची बोली कळत नाही, परंतु वस्तू ठाऊक असते. १९९८ साली अमेरिकेत 'प्राइसलाइन' या कंपनीने संगणकाच्या जाळ्यावर याहून निराळी पद्धत आणली. ग्राहकाने शहराचा भाग, हॉटेलचा दर्जा आणि आपला दर सांगावयाचा. हॉटेलचे नाव मात्र पैसे वळते झाल्यावरच कळावयाचे.

हॉटेलवाल्यास हे परवडते, कारण रात्र सरली की रिकाम्या खोलीचे मोल शून्य होते. शिवाय नाव गुप्त राहिल्याने जाहीर दरास बाधा येत नाही. पुढे तेथील बोली बंद झाली. नाव झाकून सवलतीत खोली विकण्याची प्रथा मात्र टिकून आहे.

यात बचत आहे, तशी जोखीमही आहे. भरलेली रक्कम बहुधा परत मिळत नाही. मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात रुग्णास नेणाऱ्याने म्हणूनच या मोहात पडू नये. तपासणीची तारीख पुढे गेली, अथवा खोली दूर निघाली, तर स्वस्त मुक्काम महाग पडतो. ज्याची तारीख पक्की आहे, त्याने प्रथम दोन-तीन हॉटेलांचे करासहित दर दूरध्वनीवरून विचारून लिहून घ्यावेत आणि मगच तुलना करावी.

पावणीस जाणारा शहाणा माणूस आपली मर्यादा घरीच ठरवून निघतो. शहरातील मुक्कामासही तोच नियम लागू आहे.