काळोखातली रोपवाटिका

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चंद्रपूर-गडचिरोलीची संपत्ती मोजायला बसलं, की साग, बांबू, तेंदूपत्ता, कोळसा, लोहखनिज आणि ताडोबाचे वाघ अशी यादी होते. रात्रीचा काळोख त्या यादीत कधी येत नाही. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे. कारण तारे कुठे आणि कसे जन्मतात हे नुसत्या डोळ्यांनी पाहायचं, तर असा काळोखच लागतो.

मे महिन्यात, तेंदूच्या हंगामात, भामरागड-एटापल्लीकडे अंगणात खाट टाकून झोपलेल्या माणसाला मध्यरात्रीनंतर आकाशगंगा दिसते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आंध्र प्रदेशातल्या सुमारे १५ गोंड गावांत फिरून तिथलं आकाशज्ञान नोंदवलं. ते २०१३ साली प्रसिद्ध झालं. त्यात सप्तर्षी म्हणजे खाट आणि ती चोरायला आलेले तीन चोर. मृग नक्षत्र म्हणजे नांगर. आणि आकाशगंगा म्हणजे जनावरांची वाट.

ही वाट निरखून पाहिली, तर तिच्या मधोमध एक काळी चीर दिसते. तिथे काहीच नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे इतकं भरलेलं आहे, की मागच्या ताऱ्यांचा उजेड आपल्यापर्यंत पोचत नाही. हायड्रोजन वायू आणि काजळीसारखी बारीक धूळ यांचे ते प्रचंड ढग आहेत. आतलं तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास. इतक्या थंडीत वायूचा फुगण्याचा जोर कमी पडतो, गुरुत्वाकर्षण वरचढ होतं, ढगाचे काही भाग आत कोसळतात आणि तापत तापत त्यांचे तारे होतात. तेही एकेकटे नव्हे, तर शेकड्यांनी, कधी हजारांनी. म्हणूनच तरुण तारे पुंजक्यांत सापडतात.

आपल्याकडच्या बांबूची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. एका वेळी उगवलेली बेटं अनेक वर्षांनी एकदमच फुलतात, कारण त्यांचं वय एक. पुंजक्यातल्या ताऱ्यांचंही वय एकच असतं. त्यातले मोठे, निळे तारे आपलं इंधन भराभर जाळून काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांत संपतात. लहान तारे अब्जावधी वर्षं टिकतात. कोणते गेले आणि कोणते उरले, यावरून पुंजक्याचं वय काढता येतं.

हिवाळ्यात दोन अवस्था एकाच आकाशात दिसतात. मृगाच्या तीन ठळक ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका आहे. तो सुमारे १३५० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ. तिथल्या ताऱ्यांचं वय दहा-वीस लाख वर्षांच्या घरात, म्हणजे अगदी तान्ही बाळं. जन्माचा ढग अजून भोवती आहे. थोडं पश्चिमेला कृत्तिकांचा झुबका आहे. त्याचं वय सुमारे १० कोटी वर्षं. त्याचा जन्मढग केव्हाच विरून गेला.

मग असा ढग टिकतो किती काळ? आपण आपल्या दीर्घिकेच्या आतच आहोत. जंगलात उभं राहून जंगलाचा नकाशा काढणं जसं अवघड, तसंच हे. त्यासाठी बाहेरची सर्पिल दीर्घिका बघावी लागते. सुमारे २७ लाख प्रकाशवर्षांवरच्या एम ३३ या दीर्घिकेत शास्त्रज्ञांनी ५६६ ढग आणि ६३० तरुण पुंजके यांची सांगड घातली. ते काम २०१७ साली प्रसिद्ध झालं. काही ढगांत अजून तारे नव्हते, काहींत पुंजके दडलेले होते, तर काही पुंजके ढगातून बाहेर पडले होते. जंगलात रोपं किती, मधली झाडं किती, जुनी किती हे मोजलं, की झाड वाढायला किती काळ लागतो याचा अंदाज शंभर वर्षं न थांबता येतो. तसंच इथे केलं. उत्तर आलं, सुमारे १ कोटी ४० लाख वर्षं. तेवढ्या काळात ढगातला थोडाच वायू तारा होतो. बाकीचा नव्या ताऱ्यांच्या प्रखर तेजाने आणि वाऱ्याने उधळला जातो.

म्हणजे वायू हे दीर्घिकेचं बियाणं. ते संपलं की नवे तारे थांबले. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली महाकाय दुर्बीण आहे. तिच्या साहाय्याने पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला. त्या काळच्या वेगाने तारे घडत राहिले असते, तर तो साठा एक-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. बाहेरून पुरेसा नवा वायू मिळाला नाही, म्हणून पुढे ताऱ्यांचा जन्मदर घसरला.

आता आपल्या काळोखाकडे येऊ. चंद्रपूर शहरावर, खाणींवर, वीज केंद्रावर रात्री उजेडाचा जो घुमट दिसतो, त्यात आकाशगंगा बुडून जाते. गावाला दिवा नको, असं मी मुळीच म्हणणार नाही. साप-वाघाच्या मुलखात अंगणातला दिवा ही चैन नाही. पण आभाळाकडे जाणारा उजेड सापही दाखवत नाही आणि वाघही. दिव्याला वरून झाकण हवं, तोंड जमिनीकडे हवं, काम संपलं की तो विझायला हवा. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी दिव्यांची अशीच दुरुस्ती करावी लागली. आपल्या जंगलांनाही ते जमण्याजोगं आहे. गावातल्या जाणत्यांना जनावरांची वाट अजून बोटाने दाखवता येते. नातवंडांना ती दिसावी, एवढा अंधार आपण राखून ठेवला पाहिजे.