सडबरीची तळी सावरताना

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात सडबरी हे निकेल-तांब्याच्या खाणींचं शहर आहे. तिथल्या भट्ट्यांतून वर्षानुवर्षं निघालेल्या गंधकाच्या धुरानं टेकड्या उघड्याबोडक्या झाल्या, खडक काळे पडले आणि भोवतालची हजारो तळी आम्लधर्मी झाली. 1978 पासून तिथं चुनखडीची भुकटी हातानं पसरली गेली, गवत पेरलं गेलं. पुढे लावलेल्या झाडांची संख्या आता एक कोटीवर गेली आहे. धूरही नव्वद टक्क्यांहून अधिक घटला.

पण हिरवळ दिसली म्हणजे निसर्ग बरा झाला, असं नव्हे. तिथल्या क्लियरवॉटर तळ्याचं पाणी 1973 पासून सातत्यानं तपासलं जातं. सत्तरच्या दशकात त्याचा सामू (पीएच) साडेचारच्या खाली होता. आता तो सहाच्या पुढे आहे. पाणी सुधारलं, तरी त्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणिप्लवक, मात्र बरेच मागे राहिले, कारण तांबं आणि निकेल अजून गाळातून, मातीतून पाझरतच आहे. म्हणून तिथले शास्त्रज्ञ सामूवर थांबत नाहीत. धातू, प्राणिप्लवक, मासे, सगळ्यांची नोंद ठेवतात. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की तळं अगदी वाईट अवस्थेत असतानाच्या नोंदी हाती होत्या, म्हणूनच फरक सिद्ध करता आला.

आपल्याकडे चंद्रपूरला, गोव्यात खाणी आहेत. तिथल्या महाविद्यालयांनी जवळच्या तळ्याच्या नोंदी आजच सुरू कराव्यात, ही कळकळीची विनंती.